मार्शल स्ट्रॉबेरी: 1890 चं एक रोप आपल्या वाफ्यात कसं आणावं, कसं टिकवावं

मार्शलच्या बिया विकत घेऊ नका. या लेखातली सगळ्यात कामाची सूचना हीच आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकते.

'हेअरलूम मार्शल स्ट्रॉबेरी' असं छापलेली बियांची पाकिटं ऑनलाइन सर्रास मिळतात. इथे वॉशिंग्टन राज्यात आल्यावर मीही एक मागवलं होतं. चिमूटभर बी ओल्या टिश्यूवर रुजवलं, फ्रिजमध्ये ठेवलं, खिडकीत ठेवलं, लहान बाळासारखं जपलं. अकरा रोपं जगली. दुसऱ्या उन्हाळ्यात फळं आली ती करवंदाहून लहान आणि टोकदार. चवीला गोड होती, पण ती साधी रानस्ट्रॉबेरी होती. मार्शल नव्हती आणि असूही शकत नव्हती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

हापूसची कोय पुरली तर झाड आंब्याचंच येतं, पण हापूसचं येईल याची खात्री नसते. स्ट्रॉबेरीचं याहून अवघड. बागेतल्या स्ट्रॉबेरीच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांचे 8 संच असतात (आपल्यात 2 असतात), त्यामुळे बी धरताना पत्ते इतके पिसले जातात की प्रत्येक बीतून वेगळंच रोप निघतं. म्हणून स्ट्रॉबेरीची जात टिकवतात ती रनरनं. आईच्या रोपातून जमिनीसरसा एक लांब दोरा निघतो, त्याच्या पेरावर नवं रोप धरतं, त्याला मुळं फुटतात, दोरा वाळून जातो. बी नाही, परागकण नाही, त्यामुळे बदलही नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. भाज्यांचं जुनं वाण म्हणजे एक वंश असतो, पिढ्यान् पिढ्या जपलेलं बी. जुनी स्ट्रॉबेरी म्हणजे वंश नव्हे. ते एकच झाड आहे. 1890 साली मॅसॅच्युसेट्समधल्या मार्शफील्ड हिल्स इथे मार्शल एफ. यूएल नावाच्या माणसाला आपसूक उगवलेलं एक रोप दिसलं. आज कुणाकडे खरी मार्शल असेल तर ती त्या रोपाची खापरपणती नाही. तेच रोप आहे, फक्त सरकत सरकत इथवर आलेलं. खाली जे काही सांगणार आहे, त्यातलं निम्मं या एका गोष्टीतून येतं. फळाची चव यातूनच आली आणि झाडाचं दुखणंही.

आधी थोडा इतिहास

आपण जी मोठी स्ट्रॉबेरी खातो ती निसर्गात नव्हती. युरोपात रानातली छोटी स्ट्रॉबेरी होती. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातून व्हर्जिनियाची लाल, सुवासिक जात तिकडे गेली. पुढे 1714 मध्ये आमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए हा फ्रेंच लष्करी अभियंता चिलीहून परतताना तिथली टपोऱ्या फळांची रोपं जहाजातून घेऊन आला. (फ्रेंचमध्ये स्ट्रॉबेरीला 'फ्रेज' म्हणतात आणि या गृहस्थांचं आडनाव फ्रेझिए. कादंबरीत कुणी असं लिहिलं असतं तर आपण नाक मुरडलं असतं.) त्यानं आणलेली रोपं निघाली मादी. फुलायची, पण फळ धरेना. शेजारी व्हर्जिनियाची जात लावल्यावर मात्र फळ धरलं, आणि या दोघींच्या संकरातून आजची बागेतली स्ट्रॉबेरी जन्मली. अंत्वान निकोला द्युशेन या तरुणानं 1766 मध्ये स्ट्रॉबेरीवर अख्खा ग्रंथ लिहून हे नातं मांडलं.

यातली चिलीची जात फक्त चिलीतच होते असं नाही. ती अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंत पॅसिफिकच्या वाळूतही रानोमाळ वाढते. ऑरेगनच्या किनाऱ्यावर फिरायला गेलात तर चकचकीत, जाड, गडद पानांची जमिनीलगत पसरलेली वेल दिसेल, ती हीच. म्हणजे पूर्व किनाऱ्यावर सापडलेली मार्शल पश्चिमेला आली तेव्हा एका अर्थी आजोळीच आली.

आणि इथे ती मानवली. दमट, थंड वसंत आणि फार न तापणारा जून तिला आवडला. विसाव्या शतकाचा पूर्वार्ध वॉशिंग्टन आणि ऑरेगनमध्ये मार्शलचाच होता. ती ताजी फार लांब जात नसे, पण साखरेबरोबर पिंपांत भरून गोठवली तर रंग आणि वास धरून ठेवायची. जॅम, आइस्क्रीम, पाय या सगळ्या धंद्याला असं फळ हवंच होतं.

सिएटलसमोरच्या बेनब्रिज बेटावर जपानी कुटुंबांनी जंगल तोडलेल्या जमिनीतले बुंधे उपटून मार्शलची शेतं उभी केली. 1939 मध्ये इंग्लंडचे राजा-राणी कॅनडात आले तेव्हा इथल्या स्ट्रॉबेरी त्यांच्या ताटात गेल्या, असं बेटावर अजून अभिमानानं सांगतात. त्यानंतर तीनच वर्षांनी, 30 मार्च 1942 रोजी, त्याच शेतकऱ्यांना बायकामुलांसह सैनिकांच्या पहाऱ्यात फेरीवर चढवलं. एकूण 227 माणसं. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून छावण्यांत डांबलं गेलं, त्याची सुरुवात या बेटापासून झाली. त्यांना कॅलिफोर्नियातल्या मँझनारच्या छावणीत नेलं. फळ तोडणीला यायला दोन-अडीच महिने उरले होते. काही शेतं त्यांच्याकडे कामाला असलेल्या फिलिपिनो माणसांनी सांभाळली आणि परत आलेल्यांच्या हवाली केली. सगळ्यांच्या नशिबी ते नव्हतं. ज्या धक्क्यावरून त्यांना नेलं तिथे आता स्मारक आहे. जूनमध्ये जमलं तर जाऊन या.

मार्शल संपली ती मात्र युद्धानं नव्हे, विषाणूंनी. वर म्हटलं तसं हे एकच झाड. बी धरताना बहुतेक विषाणू गाळले जातात, रनरमध्ये ती चाळणी नसते. आईला जे झालंय ते सगळं लेकीला जातं. स्ट्रॉबेरीवरचा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, एका रोपातून दुसऱ्यात विषाणू पोचवतो. एकटा विषाणू झाडाला फारसं काही करत नाही, पण दोन-तीन एकत्र आले की पानं लहान होतात, कडा पिवळ्या पडतात, उत्पन्न घसरतं. 1949 मध्ये वॉशिंग्टनच्या संशोधन केंद्रातून 'नॉर्थवेस्ट' नावाची जात आली. चवीला डावी, पण विषाणू सोसणारी. शेतकऱ्यांनी ती घेतली, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पोट चवीवर चालत नाही. 1960 च्या दशकापर्यंत शेतांतून मार्शल जवळपास गेलीच.

ती उरली ऑरेगनमधल्या कॉर्व्हॅलिसच्या सरकारी वाण-संग्रहात. तिथे बारीक जाळीच्या घरांत, माव्यापासून दूर, कुंड्यांतून जुन्या जाती राखतात. रोगी रोप काही आठवडे उष्ण हवेत वाढवायचं आणि मग त्याच्या शेंड्याचा टाचणीच्या टोकाएवढा तुकडा काचेच्या नळीत वाढवायचा, अशा पद्धतीनं विषाणूमुक्त करतात. झाड वेगानं वाढत असताना अगदी शेंड्याच्या पेशींपर्यंत विषाणू पोचलेला नसतो, या फटीचा हा फायदा. 2007 च्या सुमारास लिआ गॉतिए या कलावती बाईंनी तिथून मार्शल मिळवून ती वाढवायला, वाटायला सुरुवात केली आणि हळूहळू रोपं पुन्हा लोकांच्या अंगणात दिसू लागली.

पहिली पायरी: हीच हवी का, ते ठरवा

मार्शल आतपर्यंत गडद लाल असते. कापलीत तर मधे पांढरा गाभा दिसत नाही. वास असा की वाटी स्वयंपाकघरात ठेवली तर वरच्या मजल्यावर कळतं. गोडीबरोबर आंबटपणा आहे. नुसती गोड स्ट्रॉबेरी मला पाणचट वाटते, हिच्यात तो दोष नाही. आणि ती मऊ आहे. किती मऊ? पहिल्या पूर्ण बहरात मी मैत्रिणीकडे द्यायला डबा भरून घेतला, फळांचे तीन थर, गच्च झाकण. गाडीनं चाळीस मिनिटं. तिच्या ओट्यावर डबा उघडला तेव्हा वरचा थर ठीक होता, मधला बसलेला, आणि खालच्या थराचं सरबत झालेलं. आम्ही ते चमच्यानं खाल्लं. दुकानात ही का मिळत नाही, हे त्या दिवशी कळलं.

बहर वर्षातून एकदा येतो, साधारण जूनमध्ये, आणि तीन आठवड्यांत आटोपतो. उन्हाळाभर थोडी थोडी फळं हवी असतील तर सदाबहार जाती घ्या, मार्शल तुमची निराशा करील. दूध-शेकसाठी किलोभर हवी असेल तरी दुसरी घ्या. ही ओट्याशी उभं राहून खायची स्ट्रॉबेरी आहे.

दुसरी पायरी: रोपं मिळवणं

कॉर्व्हॅलिसचा संग्रह संशोधनासाठी आहे. हौशी बागवाल्यांना तिथून रोपं मिळत नाहीत, उगाच पत्रं पाठवू नका. जुन्या जाती ठेवणाऱ्या काही छोट्या नर्सरी मार्शल विकतात. वसंतात ती लवकर संपते, म्हणून हिवाळ्यातच नोंदणी करा.

मागवण्याआधी दोन प्रश्न विचारा. तुमचं आईचं रोप मुळात कुठून आलं? आणि विषाणूंची चाचणी शेवटची कधी झाली? चांगला विक्रेता याची उत्तरं आनंदानं देतो, उलट खूश होतो की कुणीतरी विचारलं. 'आमच्या आजोबांच्या वेळेपासूनची आहे' हे उत्तर ऐकायला गोड लागतं, पण तेच सर्वांत धोक्याचं. आजोबांच्या वेळेपासून उघड्यावर वाढलेल्या रोपात आजोबांच्या वेळेपासूनचे विषाणू असायचे.

किती घ्यावीत? सुरुवातीला सहा पुरेत. पुढच्या वर्षी ती आपली आपण वीस होतील. मार्शलचं फूल स्वतःच्याच परागांवर फळ धरतं, दुसऱ्या जातीची सोबत लागत नाही. मधमाश्या मात्र हव्यात. बोळक्या तोंडासारखं एका बाजूनं दबलेलं फळ आलं तर समजा मधमाशी त्या बाजूला पोचली नाही. वरची प्रत्येक 'बी' म्हणजे खरं तर एकेक स्वतंत्र फळ असतं आणि ते धरलं तरच त्याच्याखालचा गर फुगतो.

तिसरी पायरी: जागा

सहा ते आठ तास ऊन हवं. जमीन किंचित आम्ल, सामू (pH) 5.5 ते 6.5. इथल्या पावसाळी हिवाळ्यात सपाट जमिनीत पाणी साचतं आणि मुळं कुजतात, म्हणून आठ-दहा इंच उंचीचा गादीवाफा करा. लाकडाची चौकट असलीच पाहिजे असं नाही, माती ओढून केलेला वरंबाही चालतो.

जिथे गेल्या तीन-चार वर्षांत टोमॅटो, बटाटे, वांगी किंवा मिरच्या होत्या ती जागा टाळा. या पिकांचा मर रोग मातीत दबा धरून बसतो आणि स्ट्रॉबेरीला होतो. रास्पबेरीच्या जागेलाही तेच लागू. आणि जुन्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्याशेजारी मार्शल लावू नका. शेजाऱ्यांच्या कुंपणाला लागून त्यांची दहा वर्षांची हिरवीगार स्ट्रॉबेरी असेल तर तुमचा वाफा घराच्या दुसऱ्या बाजूला न्या. ती रोपं निरोगी दिसतील, पण दिसण्यावर जाऊ नका. बऱ्याच जाती विषाणू पोटात घेऊन मजेत राहतात. मार्शल राहत नाही. किनाऱ्यावरून रानटी स्ट्रॉबेरीची वेल उपटून आणायचा मोहही याच कारणानं आवरा.

चौथी पायरी: लावणी (इथे हात सावकाश चालवा)

मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत, माती मुठीत दाबून सोडली की भुगा होईल इतपत सुकली असताना लावा. नर्सरीतून बहुधा उघड्या मुळांची रोपं येतात. मातीविना, झाडूसारखी, बघून वाटतं मेलेलीच पाठवली. घाबरू नका. अर्धा तास पाण्यात मुळं बुडवून ठेवा.

आता क्राऊन ओळखा. मुळं आणि पानं जिथे भेटतात तो बोटाच्या पेराएवढा जाड, बुटका भाग म्हणजे क्राऊन. सगळी लावणी या एका भागाभोवती फिरते. मातीची पातळी क्राऊनच्या बरोबर मध्यावर आली पाहिजे. वर राहिला तर मुळं उघडी पडून वाळतात, खाली गेला तर तो कुजतो. मी पहिल्या वेळी मायेनं जरा जास्तच माती ओढली. तिसऱ्या आठवड्यात एका रोपाचं मधलं पान पिवळं दिसलं म्हणून सहज ओढलं, तर ते सरळ हातात आलं, आणि देठाच्या टोकाला तपकिरी, वास मारणारा लगदा. सहापैकी चार अशी गेली.

खड्ड्यात मधे मातीचा छोटा ढीग करा, त्यावर रोप बसवा आणि मुळं चारी बाजूंना पसरून सोडा. मुळं फार लांब असतील तर कात्रीनं पाच इंचांवर कापा, दुमडून कोंबण्यापेक्षा ते बरं. माती भरा, तळहातानं दाबा, भरपूर पाणी द्या. पाण्यानं माती खचली की पातळी पुन्हा बघा. ही दुसऱ्यांदा बघायची पायरी लोक विसरतात. दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवा. सुरुवातीला वाफा रिकामा दिसेल, रनर तो भरून काढतील.

पाचवी पायरी: पहिलं वर्ष, म्हणजे मन घट्ट करणं

मे महिन्यात फुलं येतील. खुडून टाका. हो, सगळी. पहिल्या वर्षी झाडाची ताकद फळात गेली तर मुळं आणि क्राऊन कच्चे राहतात आणि त्याचं देणं पुढची दोन वर्षं फेडावं लागतं. मी प्रत्येक रोपावर एक फूल चोरून ठेवते. शिस्तीत बसत नाही, पण चव पाहिल्याशिवाय वर्षभर राबायचं कशाच्या भरवशावर?

जूननंतर रनर सुटतील. प्रत्येक रोपाचे दोन-तीन ठेवा, बाकीचे कापा. न कापता सोडले तर वाफ्याची गोधडी होते, हवा खेळत नाही आणि पुढच्या वर्षी फळांवर राखी बुरशी येते.

पाणी आठवड्याला साधारण इंचभर, मुळाशी, पानांवर नव्हे. सिएटलला बारा महिने पाऊस असतो हा गैरसमज घेऊन इथे आलेल्यांना जुलै-ऑगस्ट धडा शिकवतो. तेव्हा आठवडेच्या आठवडे थेंब पडत नाही. आणि पुढच्या वर्षीच्या कळ्या याच उन्हाळ्याच्या अखेरीपासून, दिवस लहान होत जातात तशा क्राऊनच्या पोटात तयार होत असतात. बहर संपला म्हणून ऑगस्टमध्ये पाणी तोडलं तर पुढच्या जूनमध्ये कमी फळं येतात आणि कारण लक्षात येत नाही.

खताचंही तसंच. वसंतात नत्र घातलं तर पानं माजतात आणि आधीच मऊ असलेलं फळ आणखी लिबलिबीत होतं. चांगलं कुजलेलं कंपोस्ट बहर संपल्यावर द्या.

सहावी पायरी: दुसरा वसंत

फुलं दिसू लागली की पानांखाली पेंढा पसरा. फळ मातीला टेकत नाही, तण कमी येतं. पेंढ्यात गोगलगायी लपतात, हा त्याचा तोटा. बिनशंखाच्या, बोटभर लांब गोगलगायी हे इथलं खरं संकट आहे, आणि त्या नेमकं उद्या तोडायचं फळ आज रात्री पोखरतात. वाफ्याच्या कडेला एक ओली फळी पालथी टाका. सकाळी उलटा, खाली सगळी मंडळी जमलेली असतात. फारच झाल्या तर आयर्न फॉस्फेटचे दाणे टाका. पक्ष्यांसाठी जाळी लावायची ती फळ लाल व्हायच्या आधी. एकदा चव कळलेला रॉबिन पक्षी जाळीखालून चालत येतो.

उन्हाचं सांगता येत नाही. 28 जून 2021 ला सिएटलमध्ये 108 अंश फॅरनहाइट झालं. त्या दुपारी माझी उशिराची फळं झाडावरच शिजली, हात लावला तर गरम, आणि वास जॅमचा. तेव्हापासून पांढरी पातळ चादर आणि चार काठ्या गराजमध्ये तयार ठेवते.

सातवी पायरी: तोडणी

सकाळी, दव सुकल्यावर, पण ऊन चढायच्या आत. फळ हिरव्या टोपीपर्यंत लाल झालेलं हवं. खांद्यापाशी पांढरं असेल तर एक दिवस थांबा, तोडल्यानंतर स्ट्रॉबेरी गोड होत नाही. फळ ओढू नका. देठ अर्ध्या इंचावर अंगठ्याच्या नखानं तोडा आणि टोपीसकट ठेवा, नाहीतर टोपीच्या भोकातून रस गळतो. पसरट थाळी घ्या, एकच थर. धुवायची ती खाण्याच्या क्षणी.

त्याच दिवशी खा. उरली तर टोपी काढा, अर्धी करा, थोडी साखर भुरभुरवा आणि गोठवा. तुमच्या आधी इथल्या पिंपवाल्यांनी हेच केलं होतं. जानेवारीत ती वितळवलीत तर आकार गेलेला असेल, पण वास जसाच्या तसा.

आठवी पायरी: वाफ्याची कात टाकणं

शेवटचं फळ तोडल्यावर आठ-दहा दिवसांत जुन्या वाफ्याची सगळी पानं क्राऊनच्या इंचभर वर कापून टाका. क्राऊनला कात्री लागता कामा नये. पहिल्यांदा हे करताना हात थरथरतो. तीन आठवड्यांत ताजी पानं येतात आणि जुन्या पानांवरचा रोग निघून जातो. नुकत्याच लावलेल्या वाफ्याला मात्र हे करू नका.

तीन-चार वर्षांनी वाफा थकतो. तेव्हा जागा बदला आणि नव्या जागी तुमच्याच सर्वोत्तम रोपांचे रनर लावा. हे सर्वोत्तम निवडणं आळसानं करू नका. जुलैमध्ये फिरून बघा: कुठल्या रोपाची पानं मोठी, सपाट, एकसारखी हिरवी आहेत? त्याला काठी लावून ठेवा. ज्याची पानं आखूड देठाची, सुरकुतलेली किंवा कडेला पिवळट आहेत ते उपटा आणि कचऱ्याच्या डब्यात टाका. कंपोस्टमध्ये नको. आणि 'एक वर्ष बघू या' असं तर अजिबात नको. मी एकदा बघितलं. पुढच्या वर्षी शेजारची तीन तशीच झाली होती.

रनरवरचं आईपासूनचं पहिलं रोप सगळ्यात जोमदार असतं. त्याच्याखाली चार इंची कुंडी मातीत बसवा, नवी माती भरा, रोप वर टेकवून वाकवलेल्या तारेनं अडकवा. दोरा तोडू नका, आईकडून खाणंपिणं चालू असतं. चारएक आठवड्यांनी रोप हलकेच वर ओढून बघा. ओढ लागली म्हणजे मुळं धरली, आता दोरा कापा.

जास्तीची रोपं वाटा. एकाच अंगणात असलेली मार्शल एका वाईट माव्याच्या मोसमात संपू शकते, चार अंगणांत असली तर तुमची गेल्यावर परत मागता येते. माझी 2022 ला अशीच गेली होती. आज जी आहेत ती मीच दिलेल्या रोपांचे रनर, त्या सरबतवाल्या मैत्रिणीकडून परत आलेले. राज्याबाहेर पाठवायची असतील तर आधी तिथल्या शेतीखात्याचे नियम बघा, काही राज्यं रोपं सहज येऊ देत नाहीत.

कुंडीत पाटी खोचा. त्यावर मार्शल, रोपं मुळात कुठल्या नर्सरीतून आली ते आणि वर्ष, एवढं लिहा. पेन्सिलनं लिहा. मार्करची शाई दोन हिवाळ्यांच्या पावसात पुसली जाते, पेन्सिल राहते.